वळताना पुढून 'टण्ण' आवाज: स्टिअरिंग रॅक बदलायलाच हवा का?

वळणावर_भेटू

नमस्कार मंडळी,

गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. ९२ हजार किलोमीटर झालेत, पुढच्या चाकांवर चालणारी, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग. गेले तीन आठवडे वळताना पुढून आवाज येतोय. सकाळी पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण मारलं की आधी काहीच नाही, मग एकदम 'टण्ण'. अजून फिरवलं की परत 'टण्ण'. ताणलेली जाड तार सुटावी तसा आवाज आहे आणि पायाखाली हलका धक्काही बसतो. सरळ रस्त्यावर गाडी अगदी गप्प.

दोन ठिकाणी दाखवली. एका ठिकाणी आवाजाचं वर्णन ऐकूनच ॲक्सल गेला म्हणाले. दुसरीकडे स्टिअरिंग दोनदा हलवलं आणि रॅक बदलावा लागेल म्हणून सांगितलं. गाडी वर उचलून कुणीच पाहिली नाही. रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा दांडा, तो मोठा खर्च आहे. तो करूनही आवाज राहिला तर काय, या विचाराने अडलोय.

मला चाक काढता येतं, घरी जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आहेत. पुढे जाण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल?

निवांत_प्रवासी

वाचतोय. माझ्या गाडीचा डावीकडे वळताना पत्रा खरवडल्यासारखा आवाज येतो. कालपासूनच सुरू झालाय.

तिसरा_गिअर

ॲक्सलच. वळताना आवाज म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, ॲक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा. माझ्या दोन गाड्यांना हेच झालं होतं. बदला आणि मोकळे व्हा.

पाना_पक्कड

तिसरा_गिअर, जरा दमानं घ्या. वर्कशॉपमध्ये २२ वर्षं काढली आहेत, आणि नुसत्या आवाजाच्या वर्णनावर पार्ट बदलून पस्तावलेली माणसं खूप पाहिली आहेत. आवाज कसा येतो हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणाची कटकट ती दुसऱ्याची खडखड असते. आवाज कधी येतो, हे मात्र सगळ्यांना नेमकं सांगता येतं, आणि निदान त्यावरच होतं.

वळणावर_भेटू, एवढं करून बघा. गाडी सपाट जागी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. काचा खाली, गाणी-पंखा बंद. आता जागच्या जागी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आवाज येतो का?

मग मोकळ्या मैदानात जाऊन स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे ठेवून हळूहळू गोल फिरा. तसंच डावीकडे. तसंच दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. एका बाजूला भिंत असेल तर उत्तम, आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून स्वच्छ ऐकू येतो. चाकाच्या गतीबरोबर आवाज जलद होतो का, ते पाहा. शेवटी सरळ रस्त्यावर थोड्या वेगात स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे झुलवा.

थंड गाडीत आणि तापलेल्या गाडीत फरक पडतो का, पावसानंतर आवाज कमी-जास्त होतो का, धक्का स्टिअरिंगमध्ये लागतो की पायाखाली, हेही लिहून ठेवा. एवढी माहिती हातात असली की अर्धं काम झालं.

केतकी_पान

तिसरा_गिअर म्हणतात तो सीव्ही जॉइंटचा आवाज कसा असतो ते सांगते, म्हणजे ताडून बघता येईल.

माझ्या गाडीत तो कट-कट-कट असा यायचा, एकसारख्या अंतराने. वळणावर थोडा ॲक्सिलरेटर दिला की जोरात, पाय काढला की जवळजवळ बंद. वेग वाढवला की कटकटही भरभर. चाक काढल्यावर पाहिलं तर ॲक्सलच्या टोकाचा रबरी बूट (जॉइंटवरचं घडीदार आवरण) घडीच्या रेषेत चिरला होता, बोट जाईल एवढा. आतलं काळं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला, शॉकअपवर, ब्रेकच्या पाइपवर गोल फवारल्यासारखं उडालं होतं. त्या ग्रीसमध्ये वाळूचे कण होते, दोन बोटांत चोळल्यावर खरखर लागायची.

आमच्या मेकॅनिकने जुना जॉइंट उघडून दाखवला होता. आत सहा गोळ्या आणि त्यांच्यासाठी सहा खाचा. चांगल्या खाचेला आरशासारखी चकाकी असते. माझ्या जॉइंटमध्ये प्रत्येक खाचेत एका जागी नखभर खड्डा पडला होता. वळताना गोळी त्या खड्ड्यात उतरते आणि बाहेर येते, तोच तो 'कट'.

बूट फाटल्यावर महिनाभरात लक्षात आलं असतं तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागलं असतं. मी आवाज यायची वाट बघितली, तोवर जॉइंट गेला होता.

पाना_पक्कड

केतकीताई, याहून चांगलं कुणी सांगितलं नसतं. या जॉइंटची रचना आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने १९२० च्या दशकात केली. पुढच्या चाकांना ताकदही द्यायची आणि तीच चाकं वळवायचीही, हे त्यामुळे जमलं. १९५९ च्या मिनीत असे जॉइंट होते आणि आज पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जवळपास प्रत्येक गाडीत आहेत. बूट शाबूत असेल तर जॉइंट गाडीच्या आयुष्यभर टिकू शकतो. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की चारही बूट बोटाने घडी उघडून बघायला सांगावं.

तिसरा_गिअर

मान्य. माझाही आवाज असाच एकसारखा होता. पण कुठल्या बाजूचा जॉइंट गेलाय हे ओळखायचं तर उजवीकडे वळताना आवाज आला की डावीकडचा, बरोबर ना?

पाना_पक्कड

बहुतेक वेळा बरोबर. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो, त्यामुळे डावीकडचा जॉइंट बोलतो. पण त्यावर विसंबून पार्ट मागवू नका. मी उलटंही पाहिलंय. गाडीच्या पत्र्यातून आवाज असा फिरतो की डावीकडचा आवाज ड्रायव्हरच्या पायाशी ऐकू येतो. शेवटी चाक काढून बूट बघायचा, ॲक्सल हाताने हलवून ढिलाई बघायची.

रात्रपाळी

बेअरिंगलाही हाच नियम लावतात. पण बेअरिंगचा आवाज कटकट नसतो, तो घर्रर्र असा सलग असतो. वेगाबरोबर वाढतो आणि गिअर बदलला तरी बदलत नाही. माझा दिवसातून १५० किलोमीटर हायवे असतो. दोन महिने मला वाटत होतं की टायरच आवाज करतायत.

साधा_सरळ

मग टायर नाही हे कसं कळलं?

रात्रपाळी

दोन गोष्टींवरून. एक, हायवेवर लेन बदलताना स्टिअरिंग डावीकडे झुललं की घरघर वाढायची, उजवीकडे झुललं की थांबायची. टायरचा आवाज असा झुलण्याने लगेच बदलत नाही, तो रस्ता बदलला की बदलतो. गुळगुळीत डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. दोन, पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघितले. आवाज पुढेच राहिला. तो टायरबरोबर मागे गेला असता तर टायर दोषी.

डावीकडे वळताना वाढत होता म्हणून उजवीकडचं बेअरिंग काढलं. निघालं तेच. हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) हातात धरून फिरवला तर मिरी दळल्यासारखं खरखर लागत होतं.

वळणावर_भेटू

सगळ्यांचे आभार. पाना_पक्कडदादांनी सांगितलं तसं आज करून पाहिलं.

गाडी जागेवर उभी असताना आवाज येतो! स्टिअरिंग सावकाश फिरवलं तर 'टण्ण', साधारण पाऊण फेरीनंतर, आणि मग दर अर्ध्या फेरीला. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. गोल फिरताना वेग वाढवला तरी आवाज भरभर होत नाही. स्टिअरिंग एका जागी धरून गोल फिरत राहिलो तर आवाजच नाही. फिरवतानाच येतो. सकाळी थंड गाडीत जास्त, दुपारी कमी. हायवेवर झुलवून पाहिलं, तिथे काही नाही.

आणि सोडून दिल्यावर स्टिअरिंग स्वतःहून नीट सरळ येत नाही, थोडं अडकल्यासारखं वाटतं. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

पाना_पक्कड

आता दिसायला लागलं. एकेक करून बाजूला काढू.

चाक फिरत नसताना आवाज येतोय, म्हणजे सीव्ही जॉइंट नाही, चाकाचं बेअरिंग नाही, डिस्क-पॅड नाही, टायर नाही. या सगळ्यांना बोलायला चाक फिरावं लागतं. तिसरा_गिअर, तुमचा ॲक्सल इथेच सुटला.

मग उरलं ते, जे स्टिअरिंग फिरवल्यावर हलतं: स्टिअरिंगच्या खालचा शाफ्ट आणि त्याचे क्रॉस जॉइंट, रॅक, टाय रॉड एन्ड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक), खालचा बॉल जॉइंट (चाकाखालचा फिरता सांधा), लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश आणि सगळ्यात वर शॉकअपचं माउंट, म्हणजे तो गाडीला जोडणारा रबरी भाग, व त्यातलं बेअरिंग.

रॅक ढिला असेल तर तो खडबडीत रस्त्यावर सरळ जातानाही खडखडतो. तुमची गाडी सरळ रस्त्यावर गप्प आहे. रॅकमधून तारेसारखा 'टण्ण' सहसा येत नाही. शाफ्टचा क्रॉस जॉइंट असेल तर धक्का थेट हातात लागतो. तुम्हाला पायाखाली लागतोय. बॉल जॉइंट कोरडा पडला की जुन्या दाराच्या बिजागरीसारखा करकरतो.

माझा संशय वरच्या माउंटवर आहे. पुढचं चाक वळतं तेव्हा अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट वळतो. या रचनेला तिचा कर्ता अर्ल मॅकफर्सन याच्या नावाने मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. शॉकअपच्या डोक्यावर एक पातळ बेअरिंग असतं, त्यावर हे सगळं फिरतं. त्यात पाणी-माती शिरली, गंज धरला, की ते अडतं. खालून चाक वळतंय, वरचं टोक हलत नाही, त्यामुळे मधली स्प्रिंग पिळली जाते. पीळ असह्य झाला की स्प्रिंग एका झटक्यात सुटते: 'टण्ण'. मग परत पिळायला लागते. म्हणूनच तुमचा आवाज ठरावीक अंतराने येतोय. स्टिअरिंग परत न येणं हेही त्याच दुखण्याचं. आणि रात्रभर उभ्या गाडीत गंजलेलं बेअरिंग सकाळी जास्त घट्ट असतं.

तपासायचं कसं: कुणाला तरी गाडीत बसवा आणि सावकाश स्टिअरिंग फिरवायला सांगा. तुम्ही चाकाच्या कमानीतून स्प्रिंगवर तळहात टेकवा. बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये घालू नका, नुसता बाहेरून स्पर्श. चांगली स्प्रिंग चाकाबरोबर सलग फिरते. अडकलेली थांबते आणि उडी मारते. ती उडी तळहाताला स्पष्ट कळते. दोन्ही बाजूंना करा.

अबोली

आमच्या लेकीने मागच्या सीटवरून निदान केलं होतं. वळताना म्हणाली, "आई, गाडीला उचकी लागली." तोवर मला आवाज ऐकूच आला नव्हता. आमचं स्टॅबिलायझरचं (दोन बाजूंच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याचं) लिंक रॉड निघालं, फाटकातून तिरकी गाडी आत घेताना टक-टक व्हायचं. एक चाक वर, एक खाली असलं की हमखास.

पाना_पक्कड

लेक हुशार आहे! लिंक रॉडची खूणच ती: दोन चाकं एकाच वेळी एकाच उंचीवरून गेली तर गप्प, तिरकी गेली की टकटक. लोक त्याला वळणाचा आवाज समजतात, कारण गाडी आत घेताना आपण वळतही असतो.

साधा_सरळ

थोडं अवांतर. माझ्या जुन्या गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग आहे. पूर्ण टोकाला नेलं की सूंऽऽ असा आवाज येतो. पंप गेला का?

पाना_पक्कड

फक्त अगदी टोकाला गेल्यावर, आणि जरासं मागे घेतल्यावर थांबत असेल, तर तो पंपाचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्वचा आवाज आहे, दोष नाही. पण तसं टोकाला दाबून धरू नका. पंपावर सगळा ताण येतो आणि तेल तापतं. काही सेकंदांपेक्षा जास्त कधीच नको.

फिरवताना अध्येमध्ये कण्हल्यासारखा आवाज असेल तर टाकीतलं तेल बघा. पातळी कमी असेल किंवा तेलात फेस दिसत असेल तर हवा शिरली आहे. फेस म्हणजे कुठेतरी गळती आहे, नुसतं तेल ओतून ती थांबत नाही. तेल मात्र टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलंय तेच टाका. रंग बघून टाकू नका, लाल दिसणारी सगळी तेलं एक नसतात. आणि थंड इंजिनवर स्टिअरिंग मारल्याबरोबर किंचाळी आली तर आधी पट्टा बघायचा.

वळणावर_भेटू यांच्या गाडीत हे काही नाही, त्यांचं इलेक्ट्रिक आहे.

डोंगरमाथा

फोर बाय फोरवाल्यांसाठी एक. माझी नवी गाडी घेतली तेव्हा कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये टाकून वळवली. गाडी चाकं धरून ठेवल्यासारखी अडखळली आणि खालून खट्-खट् आवाज. मी घाबरून टो करायला गाडी बोलावणार होतो.

वळताना चारही चाकं वेगवेगळ्या लांबीचा रस्ता कापतात. जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडला जातो, मधे फरक सामावून घेणारा डिफरन्शिअल नसतो. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरून तो फरक मिटवतं. डांबरावर घसरत नाही, मग सगळा ताण गिअरवर जातो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर टू व्हीलमध्येच चालवायची, तेव्हापासून एकही आवाज नाही.

केतकी_पान

लांबीवरून आठवलं. इमारतींखालच्या गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर हळू वळतानाही टायर किंचाळतात. तो दोष आहे का?

पाना_पक्कड

नाही. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं. तसं वळवणारी जोडणी घोडागाड्यांसाठी केली होती, लंडनमध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी १८१८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आजच्या गाडीत ती बरीचशी पाळलेली असते, पूर्ण नाही. त्यामुळे पूर्ण वळणावर टायर किंचित घासतातच. डांबरावर ते ऐकू येत नाही, चकचकीत फरशीवर येतं. साध्या रस्त्यावर हळू वळतानाही किंचाळत असतील तर हवा आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) बघा.

तिसरा_गिअर

माउंटच असेल तर वरून वंगणाचा स्प्रे मारून बघा. माझ्या मित्राचा आवाज लगेच गेला होता.

पाना_पक्कड

इथे मात्र माझा ठाम विरोध आहे. पेट्रोलियमचं तेल रबरावर मारलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. माउंट रबराचंच असतं, शेजारचे बुशही. चार दिवस आवाज जातो, नंतर रबर जातं. तपासणीपुरतं मारायचं तर सिलिकॉनचा स्प्रे, तोही एका वेळी एकाच जोडावर, म्हणजे आवाज कुठून गेला ते कळेल. आणि ब्रेकच्या डिस्कवर एक थेंबही उडता कामा नये.

तिसरा_गिअर

हे माहीत नव्हतं. मित्राला आजच सांगतो.

रात्रपाळी

अजून एक राहिलं. चाकं काढून लावली असतील आणि त्यानंतर वळताना 'खट्ट' सुरू झालं असेल तर सगळं सोडून आधी नट तपासा. माझ्या भावाच्या गाडीचं टायरचं काम झाल्यावर दुसऱ्याच दिवशी वळणावर एकच 'खट्ट' येत होता. तीन नट हाताने फिरत होते. नट समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळायचे आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत तपासायचे.

अबोली

आणि सीटखाली पाण्याची बाटली घरंगळते तो आवाज असेल तर हसू नका, ताबडतोब काढा. तीच बाटली ब्रेक पेडलखाली जाऊ शकते.

डोंगरमाथा

खुद्द स्टिअरिंगच्या आतून कागद घासल्यासारखा आवाज कुणाला आलाय का? हॉर्न कधी वाजतो, कधी नाही.

पाना_पक्कड

स्टिअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग असते. चपटी केबलची पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली. हॉर्नची आणि एअरबॅगची वायर त्यातून जाते. ती आत घासायला लागली की असा सरसर आवाज येतो. पुढे एअरबॅगचा दिवा लागतो. ती तुटली तर अपघातात एअरबॅग उघडणार नाही, त्यामुळे लांबवू नका. आणि हे घरी उघडू नका. एअरबॅग काढण्याआधी बॅटरी सोडवून थांबावं लागतं, ते शिकलेल्या माणसाचंच काम.

वळणावर_भेटू

स्प्रिंगवर हात ठेवून पाहिलं. बायको गाडीत, मी खाली.

डावी स्प्रिंग सलग फिरते. उजवीवर तळहात ठेवला, ती पहिली पाऊण फेरी हललीच नाही. मग हाताखाली जनावराने अंग झटकावं तशी उडाली आणि त्याच क्षणी 'टण्ण'. तीन आठवडे जो आवाज कानाने शोधत होतो तो हाताला सापडला.

टॉर्च मारून खालपर्यंत पाहिलं तर अजून एक दिसलं. उजव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा डावीकडच्यापेक्षा आखूड वाटतोय. टोक गोल नाही, तिरकं आणि खरबरीत आहे. हे काय?

पाना_पक्कड

स्प्रिंग तुटली आहे. कृपा करून आता गाडी चालवू नका.

खालच्या वेढ्यात चिखल आणि खडे साचतात, रंग खरवडला जातो, तिथे गंज धरतो आणि पोलाद तिथूनच तुटतं. तुटलेला तुकडा स्प्रिंग ज्यात बसते त्या बशीतून सरकला तर टायरच्या आतल्या बाजूला टेकतो. वेगात टायर कापला जाऊ शकतो. गाडी टो करून न्या.

आणि स्प्रिंग घरी बदलायची नाही, कितीही हत्यारं असली तरी. ती दाबलेली असते. दाबायचं साधन निसटलं तर हात जायबंदी होतो. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग जोडीने बदला, नाहीतर गाडी एका बाजूला कलते. दोन्ही माउंट आणि बेअरिंगही त्याच वेळी, कारण तेवढंच खोलावं लागतं. जुने पार्ट मागून घ्या.

केतकी_पान

बापरे. रॅक बदलला असता तर तुटलेली स्प्रिंग तशीच राहिली असती.

वळणावर_भेटू

पाच दिवसांनी लिहितोय. काम झालं.

टो करून तिसऱ्याच ठिकाणी नेली. आधी लिफ्टवर घ्या आणि मग बोला एवढंच म्हणालो. त्यांनी उजवा शॉकअप काढून माझ्यासमोर खोलला. वरच्या बेअरिंगची प्लास्टिकची कड फुटली होती, आत लालसर गंजाची पूड. दोन्ही हातांनी पिळलं तरी जेमतेम हललं. स्प्रिंगचा तुकडा खालच्या बशीत पडून होता, माझ्या करंगळीएवढा लांब. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तपकिरी आणि अर्धा चकचकीत करडा. फिटर म्हणाला, तपकिरी भागात चीर आधीच पडून गंजली होती, करडा भाग नुकताच तुटला.

दोन्ही स्प्रिंग, दोन्ही माउंट, दोन्ही बेअरिंग नवी. रॅकला आणि टाय रॉडला ढिलाई नाही हेही हलवून दाखवलं. खर्च रॅकच्या निम्म्याहून कमी. आवाज पूर्ण बंद, आणि वळणानंतर सोडलं की स्टिअरिंग आपोआप सरळ येतं.

एकच शंका. आता गाडी सरळ जाताना स्टिअरिंग किंचित डावीकडे कललेलं असतं.

पाना_पक्कड

शॉकअप सोडवला की चाकाचे कोन हलतात. अलाइनमेंट केलं का? नसेल तर याच आठवड्यात करा, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले जातील.

वळणावर_भेटू

केलं नव्हतं. आज करून आलो. स्टिअरिंग सरळ झालं. पाना_पक्कडदादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पुढच्या सीटवर रोज माझी आई बसते.

निवांत_प्रवासी

धागा वाचून मीही चाक काढलं. माझा खरवडल्यासारखा आवाज आठवतो ना? डिस्कच्या मागे जो पातळ पत्रा असतो, त्याच्या आणि डिस्कच्या मधे हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. डिस्कवर बारीक गोल रेघ उमटली आहे, नखाला लागत नाही. पत्रा हाताने हळूच मागे वाकवला, खडा खाली पडला. डिस्क चालेल ना?

पाना_पक्कड

नखाला लागत नाही तर चालेल. नट मापाने आवळलेत ना?

निवांत_प्रवासी

आवळलेत, समोरासमोर. शंभर किलोमीटरनंतर परत बघतो.